शिवूचा पहिला शब्द

शिवांजली बोलायला लागली ती थेट बापाचं नाव घेऊनच, असं अंबूबाई अख्ख्या गल्लीला सांगत. ‘आई’ नाही, ‘आजी’ नाही. पहिला शब्द ‘पप्पा’, आणि तोही खणखणीत. दळण घेऊन निघालेली एखादी बाई दिसली, की अंबूबाई तिला थांबवायच्या, नातीला कडेवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, “म्हण गं शिवे, म्हण.” शिवू इकडंतिकडं बघायची, हात पुढं करायची आणि म्हणायची, “पप्पा.” अंबूबाईंचा ऊर भरून यायचा. “बाप तिकडं परमुलखात, आन् लेकरू हितं त्येचंच नाव घेतंय. ह्येला म्हंत्यात रगताची ओढ!” मग त्या बाईलाही डोळ्यांना पदर लावावाच लागे. दळण राहिलं बाजूला.

बाप म्हणजे अंबूबाईंचा जयराज. विट्यापासून जवळच असलेल्या त्या गावात निम्मी घरं गलाईवाल्यांची. सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं घ्यायचं, भट्टीत गाळायचं, तेजाबात टाकून शुद्ध करून द्यायचं, हा तिथला धंदा. तो करायला बापे माणसं देशभर पांगलेली. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी पार आसामात. गावातल्या बायकांना भूगोल शाळेनं शिकवला नसेल तेवढा नवऱ्यांनी शिकवला. जयराज चुलतभाऊ शिवतेजबरोबर कोईमतूरला होता. लग्नानंतर रेश्माही तिथं राहून आली होती. खाली दुकान, वर खोली, आणि जिन्यातून वर येणारा तेजाबाचा धूर. तिला दिवस गेले तसा जयराजनंच तिला गावी आणून सोडलं. “ह्या धुरात पोर वाढवायचं न्हाई आपल्याला,” तो म्हणाला होता. चुकीचं काहीच बोलला नव्हता. त्यानंतर तो बारशाला आला, मग मागच्या यात्रेला शिवूचं जावळ काढायला आला. तेव्हा ती रांगत होती. मागची दिवाळी तर सोनारांच्या गर्दीतच गेली.

म्हणजे शिवूचा बाप होता तो फोनमध्ये. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी आणि दुपारी जेवण झाल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन वाजला, की अंबूबाई हातातलं काम टाकून ओरडायच्या, “पप्पा आलं! शिवे, पप्पा आलं बग!” आणि फोन उचलून नातीच्या हातात द्यायच्या. शिवू पडद्यावर बोट फिरवायची. बापाच्या चेहऱ्यावरून तिचं बोट फिरलं, की जयराज तिकडं विरघळून जायचा. “शिवतेज, बग रं बग, माज्या गालावरनं हात फिरवतीया!” शिवतेज मागून डोकं घालून बघायचा आणि हसायचा.

जयराज फोन ठेवायचा, शिवू ठेवायची नाही. काढून घेतला की भोकाड. मग रेश्मा त्यावर गाणी लावून द्यायची. नाचणारी गाय, टोपीवालं माकड, हिंदीत रडणारा एक बटाटा. धार काढायची असायची, भाकऱ्या थापायच्या असायच्या, उसाला पाणी सुटलं की रानात जायचं असायचं. पोरगी भिंतीला टेकून बसायची, हूं की चूं नाही. भरवायचं झालं तरी फोन समोर ठेवला की घास आपोआप आत जायचा. येणारी-जाणारी म्हणायची, “लय शानी पोरगी गं तुजी, कुटं हाय ते कळतबी न्हाई.” रेश्माला ते ऐकून बरं वाटायचं, हे तिनंही कधी नाकारलं नाही.

जयराजनं तर कमालच केली. शिवूचा ‘पप्पा, पप्पा’ असा आवाज त्यानं अंबूबाईंकडून फोनवर भरून घेतला आणि तोच आपल्या फोनची घंटी करून टाकला. दुकानात फोन वाजला की शिवू हाक मारायची. शेजारचा तमिळ सोनारसुद्धा आता त्याला ‘पप्पा’ म्हणतो, हे त्यानं रेश्माला दहा वेळा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी तितक्याच कौतुकानं.

पण शिवूला दोन वर्षं होत आली होती, आणि गल्लीतली तिच्या वयाची पोरं एव्हाना भांडायला लागली होती. शेजारच्या आप्पासोचा नातू तर आजोबाला तंबाखूवरून दम द्यायचा. शिवूचा मात्र एकच शब्द, तोच सकाळी आणि तोच संध्याकाळी. हाक मारली तर मान वळेलच असं नाही. रेश्मानं सासूजवळ विषय काढला, की अंबूबाई उडवून लावायच्या. “जयराजबी उशिराच बोलला. आन् आता बग, फोनवर थांबतोय का?” शेवटी अंगणवाडीच्या राजेश्वरीबाईंनी रेश्माला बाजूला घेतलं. “म्या ढीगभर पोरं बघितली हायती,” त्या म्हणाल्या. “हिला सांगलीला दाखव. पुढं ढकलू नगंस.” रेश्माला जी भीती वाटत होती ती आता दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाहेर पडली होती.

सांगलीला जायला अंबूबाई निघाल्या त्या डॉक्टरला खोटं पाडायलाच. एसटीत नात फोन बघत होती आणि आजी खिडकीतून ऊस बघत होती.

दवाखाना नेहमीसारखा नव्हता. जमिनीवर चटई, लाकडी ठोकळे, एक कापडी बाहुली. सई मॅडम म्हणून डॉक्टरीण होत्या, रेश्मापेक्षा फार मोठ्या नसतील. साडी सावरून त्या खालीच बसल्या. आधी शिवूला कान तपासायला पाठवलं. कान चांगले निघाले. मग त्या विचारत गेल्या आणि रेश्मा सांगत गेली: जेवते कशी, झोपते कशी, दिवसभर काय करते. सगळ्या उत्तरांत फोन येत होता. रेश्माचा आवाज बारीक होत गेला.

“शब्द किती बोलते?” मॅडमनी विचारलं.

“पप्पा म्हणती की!” अंबूबाई पुढं सरसावल्या. “साफ बोलती. तिचा बाप कोईमतूरला असतोय, पर लेकराच्या तोंडात तेवढंच.”

मॅडमनी वडिलांचा फोटो आहे का म्हणून विचारलं. रेश्माच्या पर्समध्ये लग्नातला एक होता. त्यांनी तो चटईवर ठेवला, शेजारी बाहुली ठेवली, चेंडू ठेवला आणि रेश्माचा फोन बंद करून तोही ठेवला. मग अगदी सहज, खेळातल्यासारखं विचारलं, “शिवांजली, पप्पा कुठाय? मला पप्पा दे.”

शिवूनं फोन उचलला आणि मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी फोन रुमालाखाली झाकला आणि जयराजचा फोटो शिवूच्या अगदी गुडघ्याजवळ सरकवला. पुन्हा तेच विचारलं. शिवूनं फोटोवर गुडघा टेकवून पुढं होत रुमाल ओढला, फोन काढला आणि मोठ्यानं म्हणाली, “पप्पा!”

“फोटू बारका हाय,” अंबूबाई म्हणाल्या. “दिसला नसंल तिला.”

रेश्मा खाली वाकून फोटो उचलत होती. एक कोपरा मुडपला होता, तो ती अंगठ्यानं सरळ करत राहिली. तिच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. ‘पप्पा आलं’ म्हणून हातात दिलेला फोन. ‘जा, पप्पा घिऊन ये’ म्हणून चार्जिंगला लावलेला फोन आणायला पाठवलेली शिवू. भूक लागली तरी पप्पा, झोप आली तरी पप्पा, आणि गल्लीतल्या बायांनी पुसलेले डोळे. पोरीला कुणी खोटं शिकवलं नव्हतं. तिला जे सांगितलं तेच ती इमानदारीनं बोलत होती.

मॅडम हळू आवाजात बोलत होत्या. सगळा दोष फोनचाच आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही स्वतःला बोल लावत बसू नका, पण आता तो तिच्या हातात नको. तिच्याशी बोला, जे हाताला लागतं त्याचं नाव सांगा, भरवताना डोळ्याला डोळा द्या, आणि दर महिन्याला इथं घेऊन या. “वडिलांशी कॉल करायला माझी ना नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त फोन तुमच्या हातात हवा. आणि फोन ही वस्तू आहे, बाबा हा माणूस आहे, एवढं तिला आधी कळू दे.”

परतीच्या एसटीत तासगाव मागं पडल्यावर अंबूबाई एकदम रेश्माचा हात धरून म्हणाल्या, “जयराजला ह्यातलं काय बोलू नगंस. तिकडं त्येला दुसरं काय हाय गं? भट्टी आन् ह्यो एक शब्द. माजी आण हाय तुला.” रेश्मानं मान हलवली. तेव्हा तिलाही तेच बरोबर वाटलं होतं.

घरी येताच तिनं कॉलचा प्रयोग करून बघितला. फोन स्वतःच्या हातात घट्ट धरला. पडद्यावर जयराज आला, “माजी शिवू कुटं हाय?” म्हणाला. शिवूनं झडप घालून बोटानं त्याला बाजूला सारलं. तो जाईना म्हणून पुन्हा सारलं. मागची नाचणारी गाय येईना, तशी ती अंग टाकून रडायला लागली. “बग, कशी करतीया माज्यासाठी,” जयराज म्हणाला. रेश्मानं रेंज गेल्याचं सांगून फोन बंद केला आणि ट्रंकेत, रुखवतातल्या साड्यांखाली, ठेवून दिला.

मग जे रडणं सुरू झालं त्याला काही सुमार नव्हता. शिवू घरभर फिरायची, उशा उचलून बघायची, डबे वाजवायची आणि “पप्पा, पप्पा” करून टाहो फोडायची. जेवण सोडलं. ज्या बाया पूर्वी कौतुकानं थांबायच्या त्याच आता दारातून रेश्माला बोल लावायला लागल्या. “बापासाठी लेकरू झुरतंय आन् हिला डॉक्टरी सुचतीया.” कुणी म्हणालं, आमची पोरं मोबाईल बघूनच इंग्रजी शिकली. कुणी म्हणालं, माझी तर बघितल्याशिवाय चूळ भरत नाही, काय वाईट झालं तिचं? रेश्मा हातातलं काम करत राहायची. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. एकदा अंबूबाईंनाच राहवलं नाही. त्यांनी ट्रंकेला हात घातला, आणि रेश्मा आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडली. दोघी रडल्या. मधे बसलेली शिवू एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली. ती इतका वेळ माणसांच्या तोंडाकडं बघतेय, हे रेश्माच्या रडता रडता लक्षात आलं.

जयराजचा फोन आता अंबूबाईंच्या बटणाच्या डबड्यावर यायचा. पहिल्यांदा तो समजुतीनं बोलला. नंतर त्याचा तोल गेला.

“डॉक्टरनं कार्टून बंद कराय सांगितलंया न्हवं? मग कार्टून बंद कर. मी काय कार्टून हाय व्हय?”

“तसं न्हाई वो...”

“मग कसं? गल्लीभर रडतीया म्हणं माज्या नावानं. हितं मी तोंडात घास घालतो तर उतरत न्हाई. बाप हाय मी तिचा, का शेजारचा कोण?”

रेश्माच्या ओठावर आलं होतं. सासू समोर बसून नुसत्या डोळ्यांनी नको नको म्हणत होती. “थोडं दिवस दम काढा,” एवढंच ती म्हणाली. त्यानं फोन आपटल्यासारखा बंद केला. नवरा आपल्याला निर्दय समजतोय, आणि समजू देण्यावाचून आपल्याला इलाज नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. त्या दिवशी भाकरी तव्यावर करपून गेली.

नवा शब्द आला तो मात्र थंडी सरून ऊन तापायला लागल्यावर. आणि तोही कसला, तर “नगं.” भाकरी नगं, अंघोळ नगं, झोप नगं. रेश्माला इतका आनंद झाला की तिनं मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारून तो शब्द वदवून घेतला. मग “पानी” आलं. गोठ्यातल्या रेड्याला बोट दाखवून “म्हस” आलं. आणि एका सकाळी चुलीपुढं बसलेल्या अंबूबाईंच्या पाठीवर दोन बारके हात पडले आणि “आजे” अशी हाक आली. अंबूबाईंनी फुंकणी खाली ठेवली. कुणाला बोलवायला त्या गल्लीत गेल्या नाहीत, तिथंच बसून राहिल्या.

‘पप्पा’ मात्र गेला. फोनबरोबर आला होता, फोनबरोबर गेला. फोन करून जयराज आईला विचारायचा, “आई, पप्पा म्हणती का गं?” आणि अंबूबाई सुनेकडं पाठ करून म्हणायच्या, “म्हणती की. दिसभर म्हणती.” रेश्मा ऐकायची. ज्या खोट्याला आपण मान हलवली ते आता रोज वाढतंय, हे तिला दिसत होतं. यात्रेला नवरा आला की सासूची आण मोडायची आणि तोंडासमोर सगळं सांगायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

गावची यात्रा चैत्रातली. गलाईवाला दिवाळी चुकवेल, लग्न चुकवेल, यात्रा चुकवणार नाही. आठवडाभर गाड्या येत होत्या, गल्लीत तमिळ, तेलुगू, पंजाबी नंबरप्लेटा लागत होत्या. जयराज उतरला तेव्हा दारात ही गर्दी. रेश्मा भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. त्याला गाठून सांगायला वेळच मिळाला नाही. त्याच्या काखेत एक चपटा खोका होता. “मोठ्या पडद्याचा टॅब हाय,” तो ओवाळून घेता घेता तिला म्हणाला. “तुज्या डॉक्टरणीला सांग, बापाचं तोंड जरा मोठं दिसू दे पोरीला.” चेष्टा होती, पण आतून राग होता.

मग तो गुडघ्यावर बसला आणि हात पसरले. “शिवे, कोण आलंय?”

शिवू आजीच्या लुगड्यामागं गेली. एका डोळ्यानं तिनं त्या माणसाला बघितलं आणि म्हणाली, “नगं.”

गल्ली हसली. जयराजही हसला, पण त्याचे पसरलेले हात तसेच राहिले. “आगं, मी... म्हण की, तू म्हणतीस तसं म्हण.” शिवूनं तोंडच फिरवलं. अंबूबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, “लाजती. घटकाभरानं येईल.” रेश्मा ताट घेऊन आत वळणार, तेवढ्यात जयराजच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. मागच्या गाडीतनं येणाऱ्या शिवतेजचा होता, पोचला का विचारायला.

“पप्पा... पप्पा... पप्पा,” शिवूचाच आवाज खिशातून आला.

शिवू वळली. तिचा सगळा चेहरा उजळला. आजीचं लुगडं सोडून ती धावत सुटली आणि बापाच्या छातीवर जाऊन आदळली. बायांनी तोंडाला पदर लावले. “बगा, बगा! रगत वळखतंय!” जयराजनं तिला कवेत घेतलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, तो मोठा माणूस रडायला लागला. “मी हाय बग, मी आलोय.” त्या एका क्षणापुरतं रेश्माला वाटलं की हे असंच राहू दे, कुणीही काही सांगू नये.

शिवूचे दोन्ही हात त्याच्या खिशात होते. तिनं फोन ओढून काढला, समोर धरला आणि त्याला म्हणाली, “पप्पा!”

“ते न्हाई, हिकडं, हिकडं बग,” जयराज हसत म्हणाला. त्यानं फोन तिच्या हातातून काढून मागं धरला. आणि शिवू किंचाळली. त्याच्या छातीवर दोन्ही पाय देऊन, कमान होऊन ती मागं, त्या फोनकडं झेपावत राहिली. “पप्पा! पप्पा! पप्पा!”

“अगं मी हितं हाय की,” जयराज म्हणाला. “मी हितं हाय.” तो ते पुन्हा एकदा म्हणाला, पण हळू. फोन वाजायचा थांबला होता. त्यानं हातातल्या फोनकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, मग उंबऱ्यात ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडं बघितलं. रेश्मानं मान खाली घातली. सांगायचं असं काही उरलंच नव्हतं.

दिवस मावळायच्या आत तो गोठ्यात रेड्याच्या अंगावर हात टाकून उभा होता. रेश्मा वैरणीची पाटी घेऊन गेली.

“कवापास्नं ठावं हाय तुला?”

“सांगलीला गेलो तवापास्नं.”

“आन् तुमी दोघींनी मला येडं केलं. आई म्हणती दिसभर म्हणती. व्हय?”

“चुकलंच,” रेश्मा म्हणाली. “आत्यांनी आण घातली ती एक झाली. पर मलाबी भ्या वाटलं. तुमाला कसं वाटंल म्हणून.”

त्यानं रेड्याच्या पाठीवरची माशी हाकलली. मग म्हणाला, “म्हंजे ती माज्या गालावरनं हात फिरवत न्हवती.”

रेश्मानं पाटी खाली ठेवली. जयराजनं फोन काढला, दोन-चार वेळा बोट दाबून घंटीतला शिवूचा आवाज काढून टाकला आणि फोन तिच्या हातात दिला. “ट्रंकेत ठेव. त्यो टॅबबी ठेव.” त्यानं डोळे बाहीला पुसले. रेश्माला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिनं घेतलं, सासू अंगणात होती तरी.

यात्रेचे दिवस तो कुठं गेला नाही. कुस्त्यांना गेला नाही, तमाशाला गेला नाही, भावकीतले बोलवायला आले तर “पोरीजवळ हाय” म्हणून सांगितलं. शिवू त्याच्या हातचं खाईना, त्याच्याजवळ बसेना. तो आपला थोड्या अंतरावर बसायचा. ती माती उकरायची, तोही उकरायचा. ती पाण्याच्या बादलीत हात घालायची, तोही घालायचा. एकदा तिनं रेड्याकडं बोट करून त्याला सांगितलं, “म्हस.” तो म्हणाला, “व्हय, म्हस.” रेडा बिचारा गप्प राहिला. “पप्पा म्हण” असं मात्र त्यानं तिला पुन्हा एकदाही सांगितलं नाही. अंबूबाई सांगायला गेल्या तर त्यांनाही हात करून थांबवलं.

निघायच्या दिवशी सकाळी पिशवी भरून ओट्यावर ठेवलेली होती. तो अंगणात दाढी करत होता. पुढं ठेवलेल्या आरशात बघत त्यानं रेश्माला सांगितलं, “आता फोन आला तर तू धर. तिच्या हातात देऊ नगंस. आन् एक ध्यानात ठेव. ‘पप्पा आलं’ म्हणायचं न्हाई. पप्पाचा फोन आला म्हणायचं. पप्पा आलं कवा म्हणायचं? मी ह्या दारातनं आत येईन तवा.”

“बरं,” रेश्मा म्हणाली. ती आत गेली, बंबातलं पाणी बघितलं आणि रोजच्यासारखी आतूनच ओरडली, “आवं! पानी तापलंय, आवं!”

तिच्या घरात, तिच्या गावात, नवऱ्याला दुसरी हाक कुठली? नाव घ्यायची तर रीत नाही. गेले कितीक दिवस, चहा झाला तरी ‘आवं’, जेवण झालं तरी ‘आवं’. जयराज तोंडाला फेस लावून बसला होता. साबण कानात गेला असेल नाहीतर मन दुसरीकडं असेल, त्यानं ऐकलं नाही.

शिवू उंबऱ्यात बसली होती. तिनं आत आईकडं बघितलं, बाहेर त्याच्याकडं बघितलं. उठली. ओट्यावरून पाठमोरी सरकत उतरली, तुरुतुरु अंगणात गेली, त्याच्या समोर उभी राहिली आणि त्याच्या फेस लागलेल्या गालावर हात ठेवला.

“आवं,” ती म्हणाली. “पानी.”

अंबूबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आगं आवं काय? बाप हाय तुजा त्यो. पप्पा म्हण, पप्पा!”

“ऱ्हाऊ दे आई,” जयराज म्हणाला. त्यानं वस्तरा बाजूला ठेवला. “तिनं मलाच हाक मारलीया.”

शिवू उत्तराची वाट बघत होती. बंबाकडं बोट दाखवत, घरात मोठी माणसं बोलतात तशा दटावणीच्या सुरात ती पुन्हा म्हणाली, “आवं!”

आणि जयराजनं ओ दिली.